नानासाहेबांचं ग्रीक मानपत्र

आधी चहा संपवा. खरंच सांगतो. कप तोंडाला लावून हा प्रसंग ऐकलात तर चहा नाकातून बाहेर येईल, आणि घरी जाऊन माझंच नाव सांगाल. ते नाव आधीच धुळ्यापासून रावेरपर्यंत पुरेसं गाजलंय.

आमच्या खानदेशात लोक केळीच्या सालीवरून घसरतात. मी ग्रीक भाषेवरून घसरलो. तेही घरातल्या घरात नाही हो! भरल्या मांडवात, माइकसमोर, अंगात नवा कोट घालून! पडलो आणि पडल्याचं मलाच कळलं नाही. सगळ्या मांडवाला कळलं. मी आपला हात वर करून टाळ्या मागतोय!

तर मी धुळ्याच्या देवपूर भागातल्या एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवतो. सव्वीस वर्षं झाली. आता इंग्रजी काय, कोणीही शिकवतं. मी इंग्रजीतलं ग्रीक शिकवायचो! इंग्रजीतले बडे बडे शब्द ग्रीकमधून आलेत, हे मला कुठल्याशा शिबिरात कळलं आणि त्या दिवसापासून ग्रीक माझ्या डोक्यात जे चढलं ते उतरलंच नाही. ग्रीस कुठं आहे हे नकाशावर दाखवा म्हणाला असतात तर माझं बोट इटलीवर पडलं असतं. पण ग्रीक धातू पाठ! ‘मूळ कळलं की झाड कळतं,’ हे माझं ब्रीदवाक्य. शब्दकोश बघणारी माणसं मला कुबड्या घेऊन चालल्यासारखी वाटायची.

स्टाफरूममध्ये मी एक फळा लावून घेतला होता. त्यावर रोज ‘आजचा शब्द’. अर्थ लिहायचा नाही. ज्याला हवा असेल त्यानं येऊन मला विचारावं. कोणी विचारायचं नाही, ही गोष्ट वेगळी.

बारावीतला एक विद्यार्थी दाढी वाढवून यायला लागला. दुसऱ्या कोणी मास्तरानं ‘दाढी करून ये’ म्हटलं असतं. मी सगळ्या वर्गासमोर गरजलो, “हे पोगोनोट्रॉफीचे चाळे या कॉलेजात चालणार नाहीत!” पोगोनोट्रॉफी म्हणजे दाढी वाढवणं. शुद्ध ग्रीक. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शिंदखेड्याहून धापा टाकत हजर.

“सर, मना पोऱ्या असं काही करस नही! आमना घरमा कोनी बिडी बी पेत नही!”

“अहो, दाढी. दाढी वाढवतोय तो.”

“दाढी? मंग दाढी म्हना ना भो! त्यानी माय काल्हपाशीन जेवनी नही!”

बिचारी त्याची आई आदल्या दिवसापासून उपाशी, आणि मला काय वाटलं असेल? मला वाटलं, वा! काय ताकद आहे शब्दात!

घरीही तेच. एकदा डब्यात नुसती भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी निघाली. संध्याकाळी बायकोला म्हणालो, “शोभा, आज माझी झेरोफेजी झाली.”

“काय झाली?”

“झेरोफेजी. कोरडं अन्न खाणं. झेरोस म्हणजे कोरडं. आपल्या झेरॉक्समध्ये आहे ना, तोच झेरोस.”

“असं होय? मग उद्यापासून झेरॉक्सच्या दुकानातच जेवा,” शोभा म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी खरंच डबा दिला नाही.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. आमचे प्राचार्य निवृत्त होणार होते. त्या जागेसाठी दोनच नावं होती. एक माझं आणि दुसरं चौधरी मॅडमचं. मॅडम जळगावच्या, त्यादेखील इंग्रजीच्याच, माझ्यानंतर वर्षभरानं लागलेल्या. शांत बाई. कधी आवाज चढवायच्या नाहीत. कुठलाही शब्द अडला की सरळ शब्दकोश उघडायच्या, तोही विद्यार्थ्यांदेखत! मला तर त्यांच्या वतीनं लाज वाटायची.

निर्णय होता संस्थेच्या अध्यक्षांच्या हातात. ते म्हणजे नानासाहेब. रावेरचे केळीचे मोठे बागायतदार. धिप्पाड देह, पांढरेशुभ्र कपडे, आणि आवाज असा की ट्रकनं हॉर्न वाजवू नये. स्वतः फारसे शिकले नाहीत, पण संस्था त्यांची असल्यानं ते शिक्षणमहर्षी! आपल्याकडे ही पदवी अशीच मिळते, अभ्यास न करता.

एके दिवशी नानासाहेब थेट स्टाफरूममध्ये आले. आम्ही सगळे उभे.

“सर, माही पंचाहत्तरी हाये. मानपत्र पाह्यजे. अन् ते इंग्रजीत पाह्यजे.”

“नाना, मराठीत जो गोडवा…” मी सुरुवात केली.

“मराठीत तर आता सरपंचाच्या बैलालेबी मानपत्र भेटते! इंग्रजीत लिव्हा. असं लिव्हा का कोनाले समजलं नाही पाह्यजे, पन ऐकून बठ्ठे चूप बसले पाह्यजे.”

सांगा आता! सव्वीस वर्षं मी दुसरं काय करत होतो? माझ्यासारखा माणूस आणि असं काम! मला तर प्राचार्यपदाच्या दारावरची माझ्या नावाची पाटीच दिसायला लागली.

मी घरी जाऊन जुनी वही काढली. तरुणपणी कुठल्या कुठल्या ग्रंथालयांतून टिपून आणलेले दुर्मिळ शब्द तिच्यात होते. चाळता चाळता एका शब्दावर नजर थांबली. कॅलिपिजियन! अहाहा! उच्चारून बघा. तोंडात पेढा विरघळावा तसा शब्द! शेजारी मीच लिहिलं होतं: ‘कॅलि म्हणजे सुंदर’. पुढं मात्र जागा कोरी. त्या दिवशी ग्रंथालय बंद व्हायची वेळ झाली असणार.

शब्दकोश कपाटात होता. चार पावलांवर. पण मी उठेन? मूळ कळलं की झाड कळतं! कॅलि म्हणजे सुंदर, जसं कॅलिग्राफी म्हणजे सुंदर अक्षर. आणि पिजी? सोपं आहे! अध्यापनशास्त्राला इंग्रजीत पेडागॉजी म्हणतात. ती गॉजी आणि ही पिजी, एकाच घरातल्या बहिणी! म्हणजे कॅलिपिजियन कोण? ज्याच्या शिकवणीत सौंदर्य आहे, असा थोर पुरुष. शिक्षणमहर्षी!

काय बुद्धी! मी स्वतःलाच आरशात नमस्कार केला.

मानपत्रात तो शब्द मी पाच वेळा घातला. दुसऱ्या दिवशी मसुदा तपासायला चौधरी मॅडमकडे दिला, कारण बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर दुसऱ्या शिक्षकाची सही लागते. मॅडम वाचता वाचता थांबल्या. कानापर्यंत लाल झाल्या.

“सर, हा शब्द… नक्की हाच म्हणायचाय तुम्हाला?”

“का? जड गेला?”

“तसं नाही. एकदा बघून घेऊ या का?”

“मॅडम, इंग्रजी तुम्ही शिकवा. ग्रीक माझ्यावर सोडा.”

दुपारी त्या पुन्हा आल्या. “सर, रागावू नका. पण त्या शब्दाचा दुसराच काही अर्थ…”

“प्रत्येक मोठ्या शब्दाला दुसरा अर्थ असतो, मॅडम. पहिला माहीत असला म्हणजे पुरे!”

संध्याकाळी माझ्या टेबलावर त्यांची चिठ्ठी. ‘सर, कृपया हा शब्द शब्दकोशात पाहावा. समोर सांगायला संकोच वाटतो. छापण्याआधी पाहावाच.’ आणि मी काय केलं असेल? त्या चिठ्ठीवर लाल पेनानं शेरा मारला: ‘कॅकोग्राफी’! म्हणजे गचाळ अक्षर. आणि चिठ्ठी परत पाठवली. वर स्टाफरूममध्ये चारचौघांत म्हणालो, “काही लोकांना दुसऱ्याचं यश बघवत नाही.” मॅडमनी खाली मान घालून सही केली. काय करणार? तीनदा दार वाजवलं. आतला माणूस जागाच, पण उघडायला तयार नाही.

नानासाहेबांना मी फोनवर अर्थ सांगितला.

“काय म्हने? कॅली… पीजी…”

“कॅलिपिजियन, नाना.”

“लय भारी! एवढा भारी शब्द नुसता कागदावर कायले ठेवता? बॅनरवर टाका!”

आणि बॅनर लागले. एक कॉलेजच्या गेटवर, एक पांझरा नदीच्या पुलाजवळ, एक रावेरला नानासाहेबांच्या केळीच्या पॅकिंग शेडवर. वर फूटभर अक्षरांत इंग्रजीत ‘अवर कॅलिपिजियन लीडर’. इथपर्यंत एकवेळ ठीक होतं. पण फोटो! बॅनरवाल्याला हिरवळ हवी होती. त्यानं कुठला फोटो शोधला? नानासाहेब केळीच्या बागेत शिरताहेत, पाठ आपल्याकडे, मान तेवढी वळवून हात हलवताहेत. संपूर्ण मागची बाजू, माणसापेक्षा मोठी! आणि खाली मराठीत ओळ: ‘चला, यांच्या मागे जाऊ या!’

ही ओळ कोणाची? माझी.

कार्यक्रमाच्या दिवशी कॉलेजच्या मैदानावर मांडव भरून गेला होता. पुढं सोफे, मागं खुर्च्या, त्यामागं सतरंज्यांवर आमचे विद्यार्थी. प्रमुख पाहुणे होते जळगावचे एक वयोवृद्ध सर्जन, नानासाहेबांचे जुने स्नेही.

मी मानपत्र वाचायला उभा राहिलो. पहिला कॅलिपिजियन आला तेव्हा सगळे चूप. अगदी नानासाहेबांना हवे होते तसे. मला चेव चढला. मी कागद बाजूला ठेवला.

“मित्रहो, हा दुर्मिळ ग्रीक शब्द आहे. नानासाहेबांसारख्या व्यक्तीसाठीच हजारो वर्षं राखून ठेवलेला! माझ्यामागून म्हणा… कॅ-लि!”

“कॅ-लि!”

“पि-जि-यन!”

“पि-जि-यन!”

तीन वेळा म्हणायला लावलं हो! पांझरेच्या पुलापर्यंत आवाज गेला असेल. नानासाहेबांनी उभं राहून, चारही दिशांना वळून वळून नमस्कार केला. वळून वळून!

त्याच वेळी शेवटच्या सतरंजीवर काहीतरी झालं. एका मुलीनं मोबाइलवर काहीतरी बघितलं आणि ओढणी तोंडात कोंबली. शेजारणीनं बघितलं, ती आडवीच झाली. मग ते हसू मागून पुढं सरकायला लागलं. शेतात पाणी सोडल्यावर कसं सरीसरीनं पुढं येतं, तसं. मला काय वाटलं? विद्यार्थ्यांचं प्रेम! मी हात उंचावून म्हणालो, “हसा, मनमोकळं हसा! आज आनंदाचा दिवस आहे!”

नंतरच्या वक्त्यांनी तर तो शब्द उचलूनच धरला. आपल्याकडे पहिल्या वक्त्यानं टाकलेला शब्द पुढच्यांनी वापरला नाही तर कमीपणा येतो ना! एक पुढारी म्हणाले, “नानांचा कॅलिपिजियनपणा मी अगदी जवळून पाहिलाय.” एक ताई म्हणाल्या, “आम्हा महिलांनीसुद्धा नानांचा आदर्श ठेवून कॅलिपिजियन व्हायला हवं.” पतसंस्थेचे एक चेअरमन म्हणाले, “नानांचे थोरले बंधूदेखील तितकेच कॅलिपिजियन होते. खानदानीच आहे ते!”

सतरंज्यांवर तर आता लोळालोळ.

शेवटी सर्जनसाहेब उठले. चेहरा गंभीर, पण मिशा हलत होत्या. म्हणाले, “मी आयुष्यभर डॉक्टरी केली. नानांवर माझं प्रेम आहे. पण तपासल्याशिवाय या गोष्टीचा दाखला मी देत नाही.”

आणि बसले. अर्धा मांडव फुटला. उरलेला अर्धा, अर्धा मांडव हसतोय म्हणून हसला. मी दुसऱ्या अर्ध्यात होतो.

जेवणं सुरू झाली. वरण-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी. मी ताट घेऊन मुद्दाम सर्जनसाहेबांशेजारी बसलो. शाबासकी घ्यायची होती ना!

“काय सर, ग्रीक कुठं शिकलात?” त्यांनी विचारलं.

“स्वाध्याय, साहेब. सगळं मुळापासून.”

“असं? मग पिजीचं मूळ काय?”

“शिकवण! पेडागॉजीतलं.”

साहेबांनी बट्टी मोडली. तूप नीट जिरू दिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, “आमच्या वैद्यकाच्या पुस्तकांत पिजी म्हणजे वेगळंच असतं हो. नितंब.”

“काय?”

“नितंब. ज्यावर आपण आत्ता बसलोय. कॅलिपिजियन म्हणजे ज्याचे नितंब सुंदर आहेत असा, किंवा अशी.”

बट्टी घशात. वरही येईना, खालीही जाईना. साहेबांनी शांतपणे पाण्याचा पेला पुढं केला.

“आणि सर, ग्रीकमधून आलेला आणखी एक शब्द आहे. सायकोफँट. तो मात्र तुम्हाला अर्थासकट येत असेल.”

येत होता हो! सायकोफँट म्हणजे खुशामतखोर. आणि नेमका हाच शब्द मी आठ दिवसांपूर्वी फळ्यावर लिहिला होता.

समोर गेटवरचा बॅनर. नानासाहेब पाठमोरे, हात हलवताहेत. ‘चला, यांच्या मागे जाऊ या!’ त्याच बॅनरपुढं उभं राहून, तसंच पाठमोरं होऊन, नानासाहेब पाहुण्यांबरोबर फोटो काढून घेत होते. एक झाला की दुसरा.

मी शिपाई भिका आबांना गाठलं. “आबा, बॅनर उतरवा! आत्ताच्या आत्ता!”

आबांनी माझ्याकडे थंडपणे पाहिलं. “कसाले उतारू? बठ्ठा लोक फोटो काढी राह्यनात. असा गाजेल बॅनर देवपूरमा कधी लागना नही!”

खोटं नव्हतं ते. दुसऱ्या दिवशीपर्यंत तो बॅनर, अर्थासकट, ज्याच्या त्याच्या मोबाइलवर. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन.

“सर, रावेरले या.”

एवढंच! पुढं काही नाही. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. शोभानं विचारलं, “काय झालं?” म्हटलं, “मीटिंग आहे.” तिला अजून काही सांगितलं नव्हतं. सांगायला तोंड कुठं होतं?

धुळ्याहून एसटीनं जळगाव, तिथून भुसावळ, तिथून रावेर. सगळा रस्ता मी मनाशी घोकत होतो. प्राचीन ग्रीकांत हा मोठा बहुमान होता… एका देवीचं हे विशेषण होतं… शेजारचा प्रवासी दोनदा जागा बदलून बसला.

नानासाहेब पॅकिंग शेडमध्ये खाटेवर बसले होते. समोर केळीचे घड धुतले जात होते, खोके भरले जात होते, ट्रक उभा. वर पत्र्यावर तोच बॅनर! शेजारी त्यांच्या पत्नी, अक्का, सुपारी कातरत बसलेल्या. नवऱ्याला साऱ्या तालुक्यात घाबरत नसेल असं एकच माणूस.

“बसा,” नानासाहेब म्हणाले.

मी बसलो नाही. बसण्याशी संबंधित काहीच करायची हिंमत होईना.

“पुन्याहून नातीचा फोन आल्ता. हसून हसून तिले बोलता येईना. मंग तिनं अर्थ सांगितला.” नानासाहेबांनी वर बॅनरकडे पाहिलं. “बऱ्हानपूरचे व्यापारी केळी न्याले येतात. काल एक जन म्हने, ‘नानाजी, भाव बाद में, पहले ज़रा घूम के दिखाओ.’”

खोके भरणाऱ्या बाया एकदम खाली वाकल्या. त्यांचे खांदे हलत होते.

“नाना, प्राचीन ग्रीकांत हा फार मोठा मान होता. एका देवीला हेच विशेषण…”

“मी देवी हाये का?”

“नाही नाना.”

“मंग?”

नानासाहेब पुढं झुकले. आता कानाखाली बसते की काय! पण ते अगदी हळू, खऱ्याखुऱ्या कुतूहलानं म्हणाले, “सर, शब्द राहू द्या. मले एक सांगा. तुमी पाह्यलं कवा?”

“नाही हो नाना! मी कधीच… तसं काही…”

“बया!” अक्कांचा अडकित्ता थांबला. “मले इतक्या वर्सांत नाही दिसलं, ते ह्या मास्तरले धुळ्याहून दिसलं!”

आता मात्र बायांनी खोके सोडले. ट्रकचा ड्रायव्हरही खाली उतरून हसायला लागला.

नानासाहेब हसले नाहीत. त्यांनी उशीखालून मानपत्राची प्रत काढली. “खाली तपासनीस म्हून चौधरी मॅडमची सही हाये. त्याईले तर अर्थ कळाले पाह्यजे होता. त्याईनं मुद्दाम गंमत केली का तुमची? सांगा. प्राचार्याच्या जागेसाठी त्याईचंबी नाव हाये, मले मालूम हाये.”

बघा! सुटकेचं दार सताड उघडं! नुसती मान हलवायची होती. ‘काय सांगू नाना, असंच झालं’ एवढं म्हणायचं, की मी सुटलो, मॅडम अडकल्या आणि प्राचार्यपद माझं. मी तोंड उघडलंही होतं, खोटं कशाला सांगू तुम्हाला? “तसं पाहिलं तर…” इथपर्यंत आलो होतो.

आणि ती बाई डोळ्यांसमोर आली. लाल झालेले कान. तीनदा सांगून पाहिलेली. माझ्या लाल शेऱ्याची चिठ्ठी गुपचूप घडी करून पर्समध्ये ठेवणारी. सद्गुण वगैरे काही नाही हो! खोटं पुढं रेटायला शब्दच सुचेना. आयुष्यात पहिल्यांदा मला शब्द सुचला नाही.

“नाही नाना,” मी म्हणालो. “मॅडमनी तीनदा सांगितलं होतं. शब्दकोश बघा म्हणून. मी बघितला नाही. उलट त्यांचाच अपमान केला.”

“कायले?”

“मला वाटलं, मला येतं.”

नानासाहेबांनी एक केळ सोललं, अर्धं मोडून माझ्या हातात दिलं.

“सर, मी अडानी मानूस. मले काई येत नाही, म्हून मी इचारतो. तुमाले बठ्ठं येते, म्हून तुमी इचारत नाही. आता सांगा, कॉलेज कोनाच्या हाती देऊ?”

मी केळ खाल्लं. दुसरं काय करणार?

आठवड्याभरात आदेश आला. प्राचार्य: चौधरी मॅडम. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बोलावलं. आता उट्टं काढणार, म्हणून मी तयारीनं गेलो. त्यांनी चहा मागवला. म्हणाल्या, “सर, फळ्यावर शब्द लिहिणं बंद करू नका. मुलं बघतात तो. फक्त शेजारी अर्थही लिहीत चला.” आणि ड्रॉवरमधून काढून एक नवा कोरा शब्दकोश माझ्यापुढं ठेवला. पहिल्या पानावर माझं नाव. अक्षर, काय सांगू, मोत्यासारखं! आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं, असं म्हणायची माझ्यावर महिन्यात दुसऱ्यांदा वेळ आली.

घरी आलो. शब्दकोश टेबलावर ठेवला आणि शोभाला सगळं सांगून टाकलं. पहिल्यापासून. तो शब्द, त्याचा अर्थ, बॅनर, रावेर, मॅडम. शोभा भाजी निवडत होती. एकदाही हसली नाही. मला भरून आलं. म्हटलं, शेवटी बायकोच ती! साऱ्या जगानं चेष्टा केली तरी हिला दुःख कळतं.

“काय सांगू शोभा, सव्वीस वर्षं त्या खुर्चीवर डोळा ठेवून होतो गं!”

शोभानं मेथीची जुडी खाली ठेवली.

“तिथंच तर चुकलं तुमचं,” ती म्हणाली. “खुर्चीवर काय ठेवायचं असतं, हेच मुळात तुम्हाला माहीत नव्हतं!”